मदत हवी आहे: मारबतीचे जुने फोटो साइटवरून मूळ आकारात उतरवायचे आहेत

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या इतवारीतल्या आम्ही काही जणांनी मारबतीच्या (तान्ह्या पोळ्याला मिरवणुकीने नेऊन जाळतात त्या मोठ्या पुतळ्याच्या) फोटोंची एक वर्डप्रेस साइट चालवली होती. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दरवर्षी कोणी ना कोणी कॅमेरा घेऊन नेहरू पुतळ्यापाशी उभं असायचंच. आता होस्टिंगचे पैसे पुढे भरणं होणार नाही, महिनाअखेर साइट बंद होईल. अ‍ॅडमिनचं लॉगिन ज्याच्याकडे होतं तो मुलगा परदेशात आहे, त्याचा फोन लागत नाही. फोटो आमचेच आहेत आणि काढणाऱ्या सगळ्यांची परवानगीही आहे.

पायथनमध्ये रिक्वेस्ट्स (पान मागवायला) आणि ब्यूटिफुलसूप (पानातलं शोधायला) या लायब्ररी वापरून स्क्रिप्ट लिहिली आहे. ती एकेक पान उघडते, त्यातले सगळे इमेज टॅग शोधते आणि 'एसआरसी'मधला पत्ता घेऊन फाइल लॅपटॉपवरच्या फोल्डरमध्ये ठेवते. चालते, पण तीन ठिकाणी अडलंय.

पहिलं आणि सगळ्यात मोठं म्हणजे फोटो लहान येतात, बहुतेक ३०० पिक्सेल रुंद. मारबतीचा फोटो लहान असला तरी एक वेळ चालेल, पण बडग्याचा, म्हणजे मारबतीसोबत निघणाऱ्या त्या-त्या वर्षीच्या त्रासाच्या पुतळ्याचा, नाही चालत. बडग्याच्या गळ्यातली पाटी वाचता आली पाहिजे. त्या वर्षी लोक कशाने त्रासले होते, महागाईने, डेंग्यूने की रस्त्यावरच्या खड्ड्यांनी, ते त्या पाटीवरच असतं. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, त्यांच्याबद्दल लिहिलेलं सापडतं. बडगे मात्र त्याच संध्याकाळी जळून जातात. पाटी वाचता येत नसेल तर त्या वर्षाचं गाऱ्हाणं गेलंच.

दुसरं, दरवर्षी कॅमेऱ्याचे नंबर पुन्हा एकपासून सुरू व्हायचे. त्यामुळे एकाच नावाच्या फाइली एकमेकींवर बसतात आणि शेवटची तेवढी उरते.

तिसरं, काही फाइलींचं नाव जेपीजी आहे पण उघडत नाहीत. नोटपॅडमध्ये टाकल्या तर आत एचटीएमएल दिसतं.

कोणी वाट दाखवेल का?

प्रतिसाद

ताई, डब्ल्यूगेटने (साइट उतरवून घ्यायची कमांड) अख्खी साइट उतरवून ठेवा, रिकर्सिव्ह पर्याय लावून, म्हणजे ती एका पानावरून पुढच्या लिंकवर आपोआप जाते. पानं तरी हाती राहतील. फोटोच्या आकाराचा प्रश्न त्याने पूर्ण सुटणार नाही, पण साइट बंद व्हायच्या आत एवढं आधी करून टाका.

प्रतिसाद

ताई, साइट वर्डप्रेसची आहे ना, मग पानं चाळत बसू नका. वर्डप्रेस स्वतःच सगळ्या फोटोंची यादी देतं, त्याला लॉगिन लागत नाही (कोणी मुद्दाम बंद केलं नसेल तर). साइटच्या पत्त्यापुढे 'डब्ल्यूपी-जेसन', मग 'डब्ल्यूपी', 'व्ही२', 'मीडिया' असा मार्ग रोमन अक्षरांत जोडा आणि ब्राउझरमध्ये उघडून बघा. जेसन, म्हणजे कंसांत मांडलेली नोंदींची यादी, दिसली की काम झालं. एका वेळी जास्तीत जास्त १०० नोंदी मिळतात. एकूण पानं किती ते उत्तराच्या हेडरमध्ये (उत्तरासोबत सर्व्हर पाठवतो त्या माहितीत) येतं, तेवढ्या वेळा लूप फिरवा. प्रत्येक नोंदीत 'सोर्स यूआरएल' आहे, तोच पत्ता घ्या.

फोटो लहान का येतात ते सांगतो. वर्डप्रेस अपलोड झालेल्या प्रत्येक फोटोच्या छोट्या प्रती बनवतं आणि त्यांच्या नावाच्या शेवटी रुंदी-उंची लावतं. पानावर बहुधा अशी छोटी प्रत असते, तुमच्या स्क्रिप्टला तीच सापडते. मूळ फाइल त्याच फोल्डरमध्ये, त्या शेपटीशिवाय असते.

पण इथे एक गोष्ट नीट बघा, तुमच्या पाट्यांसाठी ती महत्त्वाची आहे. २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून फोटोची एक बाजू २५६० पिक्सेलपेक्षा मोठी असली तर वर्डप्रेस त्याची आवळलेली प्रत करतं, नावाला 'स्केल्ड' जोडतं आणि सोर्स यूआरएलमध्ये त्या प्रतीचाच पत्ता देतं. मूळ फाइलचं नाव त्याच नोंदीत 'मीडिया डिटेल्स'खाली 'ओरिजिनल इमेज' म्हणून सापडेल. ते असेल तर पत्त्यातलं शेवटचं नाव बदलून ती फाइल घ्या.

एकाच नावाच्या फाइलींचं उत्तर पत्त्यातच आहे. अपलोड्सच्या पुढे सहसा वर्ष आणि महिना असतो. तोच मार्ग जसाच्या तसा लॅपटॉपवर बनवा, म्हणजे वेगवेगळ्या वर्षांच्या फाइली वेगळ्या राहतील.

न उघडणाऱ्या फाइली म्हणजे सर्व्हरने फोटोऐवजी पाठवलेलं एररचं पान. सेव्ह करण्याआधी स्टेटस २०० (म्हणजे सगळं ठीक) आहे का आणि कंटेंट-टाइप 'इमेज'ने सुरू होतो का ते तपासा, नसेल तर पत्ता वेगळ्या फाइलीत लिहून पुढे जा. काही सर्व्हर पायथनचं नेहमीचं यूजर-एजंट (मागणी कोण करतंय ते सांगणारं नाव) बघूनच दार लावतात, म्हणून ते बदला. दोन फोटोंमध्ये एक-दोन सेकंद थांबाही. स्वस्तातल्या होस्टिंगवर धडाधड मागण्या गेल्या तर तुमचा आयपीच अडवतील, आणि मुदत जवळ असताना ते परवडणार नाही.

मूळ धागाकर्ती

दादा, किती आभार मानू! यादी उघडली आणि स्क्रिप्ट रात्रभर चालू ठेवली. वर्षं आपोआप वेगळी झाली. एका बडग्याच्या हातातल्या पुठ्ठ्यावर पेनने लिहिलेली बारीक ओळसुद्धा आता वाचता येते, साइटवर तिथे नुसता डाग दिसायचा.

पण सुरुवातीच्या वर्षांचे अल्बम या यादीत नाहीत. पानावर दिसतात, इमेज टॅगमध्ये मात्र एकच राखाडी चौकोन मिळतो. न सापडलेल्या पत्त्यांचीही एक छोटी यादी उरली आहे.

प्रतिसाद

ते अल्बम गॅलरीच्या प्लगइनचे (वर्डप्रेसला वरून जोडलेल्या सोयीचे) असणार. नेक्स्टजेन गॅलरीसारखे प्लगइन फोटो मीडियाच्या यादीत टाकत नाहीत, 'गॅलरी' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात. राखाडी चौकोन लेझी लोडिंगचा आहे (पान खाली सरकवेपर्यंत खरा फोटो येत नाही), खरा पत्ता त्याच टॅगमध्ये 'डेटा-एसआरसी'त बघा. त्यात 'थंब्स' फोल्डर आणि नावाआधी 'थंब्स' व अंडरस्कोर दिसलं तर दोन्ही काढून टाका, मोठा फोटो मिळेल. पत्ता अर्धवट असेल तर पायथनच्या 'यूआरएलजॉइन'ने पूर्ण करून घ्या. उरलेल्या यादीतले पत्ते इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (तिथे जुन्या वेबपानांच्या प्रती साठवलेल्या असतात) टाकून बघा, काही तरी हाती लागतील.

आणि ताई, मीडियाच्या यादीत 'कॅप्शन' आणि 'ऑल्ट टेक्स्ट' (फोटोचं शब्दांतलं वर्णन) हेही आहे. फाइलचा मार्ग, कॅप्शन आणि ते ज्या पोस्टमध्ये होतं तिचा क्रमांक, एवढं एका सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाइल) उतरवून घ्या. कोणता बडगा कुठल्या मोहल्ल्याचा, हे फोटोवरून पुढे कोणालाच कळणार नाही. एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' ठेवा, नाहीतर एक्सेलमध्ये मराठी अक्षरं मोडतात.

मूळ धागाकर्ती

कॅप्शनचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज संध्याकाळीच लावते. गॅलरीचे फोटो उतरले की सुधारलेली स्क्रिप्ट इथे टाकते.