अनुभव धागा: पोट्ट्यांचा जुगार आणि घरचे

पोळ्याला आपल्याकडे डाव बसतातच. बैल पूजून झाले की कोणाच्या तरी गोठ्यात सतरंजी पडते आणि घरचेही म्हणतात, "सण हाये, खेळू द्या." 2025 चा पोळा 22 ऑगस्टला होता. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली तीही त्याच दिवशी. (आमच्या गावात त्या रात्री डाव रंगलेच, ते सोडा.) शाळा-कॉलेजातल्या पोरांबद्दल लिहा आणि तेव्हा घरी काय चालू होतं तेही लिहा. गावाचं, माणसाचं, ॲपचं नाव नको.

दर्यापूरकडची मास्तरीण
दहावीला संभाव्यता शिकवते. मागच्या बाकावरचा एक, एरवी तोंड न उघडणारा, फटकन बोलला, "मॅडम, सट्ट्यात दोन आकड्यांची जोडी शंभरातून एक लागते. दहाला नऊशे देतात." फळ्यावर मांडायला लावलं. शंभर जणांनी दहा-दहा लावले तर हजार जमले, नऊशे वाटले. उरलेले शंभर कोणाचे? "खायवालाचे, म्हणजे सट्टा घेणाऱ्याचे." एवढं चोख गणित वर्गात दुसऱ्या कोणाला आलं नसतं. वडिलांची चिठ्ठी सट्टापट्टीवाल्याकडे रोज तोच नेतो, हे नंतर कळलं. वडिलांना बोलावलं तर म्हणाले, "तो थोडीच खेळते, नुसती चिठ्ठी नेते."

कापूसवाला, यवतमाळ
सगळं मायबापावर ढकलू नका. माझ्या मोठ्या भावानं जन्मात पत्त्याला हात लावला नाही. त्याचं पोरगं क्रिकेटपटूंच्या जाहिराती पाहून ॲपवरच्या खेळाला लागलं.

झाडीपट्टीतला
आमच्याकडे मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, झेंडीमुंडी (चित्रांच्या फाशांचा जुगार). बाप खांद्यावरून उतरवून हातात दहाची नोट देते, "लाव पोरा." लागलं की सगळे हसतात. हरलं त्याची गोष्ट घरी कोणी सांगत नाही.

वणीकडची ताई
लहान भाऊ बारावीत. बाबांना मोबाइलवरून पैसे पाठवता येत नव्हते, म्हणून पिन भावाकडेच. कापसाचे चुकारे खात्यात आले आणि रमीत गेले. बाबांनी मारलं. आईनं गळ्यातली पोत गहाण ठेवून उधारी फेडली, बाबांना न सांगता. दिवाळीपर्यंत पुन्हा उधारी. आईनं फेडली म्हणूनच झाली, असं माझं मत. आईला ते अजून पटत नाही.

मग मामा आले. कोणाचे किती ते भावाच्याच हातानं वहीत लिहून घेतलं, बाबांसमोर. त्याला घेऊन एकेकाच्या घरी गेले: "हप्त्यानं देईन, पण आता याला उधार देजो नको." चार लोकांत लाज गेली म्हणून आई मामांशी कितीक दिवस बोलली नाही.

धागाकर्ता
ताई, टेली-मानसचा (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) 14416 वापरला का? फुकट आहे, मराठीत बोलतात. अठराच्या आतल्या मुलांसाठी 1098 ही चाइल्डलाइन आहे.

वणीकडची ताई
14416 वर मीच बोलली. भाऊ म्हणे, मी पागल थोडी हावो. आता तो कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसते. पगार आईच्या खात्यात. पगाराच्या दिवशी घरात भांडण ठरलेलंच आहे. पोत सुटायची आहे अजून.