हायब्रिड ट्रेलर घेतलाय, लेक लुईसची साइट बुक करू का?

नमस्कार मंडळी,

मागच्या आठवड्यात आम्ही एक जुना हायब्रिड ट्रेलर घेतला, २०१६ चा, २१ फुटी, म्हणजे मधला भाग कडक भिंतींचा आणि पुढे-मागे दोन बेड बाहेर उघडतात त्यांच्यावर कॅनव्हास. जुलैत नाशिकहून आई-बाबा येतायत, बाबांचे गुडघे दुखतात, तंबूत जमिनीवर झोपणं शक्यच नाही म्हणून मुद्दाम हा शोधला. लेक लुईसच्या (बॅन्फ नॅशनल पार्क) ट्रेलरवाल्या कॅम्पग्राउंडमधे कॅन्सलेशनमुळे एक विजेची साइट दिसतेय, आज रात्री बुक करावी म्हणतोय. आणि पाऊस पडला तर कॅनव्हास बंद कसा करायचा, काही वेगळं करावं लागतं का? कुणाकडे असा ट्रेलर असेल तर प्लीज सांगा.

कॅलगरीहून

---

रि: हायब्रिड ट्रेलर

अरे थांब, बुक करू नकोस!

ते कॅम्पग्राउंड फक्त पूर्ण कडक भिंतींच्या गाड्यांसाठी आहे. तिथे ग्रिझली अस्वलं फिरतात, आणि कॅनव्हासचा एक जरी बेड बाहेर आला तरी पार्कवाल्यांच्या लेखी तुमचा ट्रेलर म्हणजे तंबूच. अमेरिकेत यलोस्टोनला फिशिंग ब्रिजच्या कॅम्पग्राउंडलाही हाच नियम. आपल्यासाठी बाजूचं सॉफ्ट-साइडेड, म्हणजे तंबू आणि कॅनव्हासवाल्यांचं कॅम्पग्राउंड, ज्याला चारी बाजूंनी विजेचं कुंपण आहे. तिथे साइटवर वीज मात्र नाही. म्हणजे रात्रभर बॅटरीवर काढायची, आणि जुलैतही पहाटे पारा शून्याच्या आसपास येतो, फर्नेस, म्हणजे ट्रेलरमधला गॅसचा हीटर, लागतोच. गॅस पुरतो रे, पण फर्नेसचा पंखा बॅटरी खातो, म्हणून घरून निघताना बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि साधी लेड-ॲसिड असेल तर निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका.

बाबांना बंकमधे, म्हणजे त्या बाहेर उघडणाऱ्या कॅनव्हासच्या बेडवर, झोपवू नकोस. उंच असतो, चढताना गुडघा मुडपावा लागतो, आणि थंडीही तिथेच जास्त. टेबल खाली घेऊन जो बेड होतो ना तो त्यांना दे, आतला, उबदार आणि बाथरूम दोन पावलांवर. बंकमधे तुम्ही झोपा. गादीखाली बबलवाली चंदेरी शीट टाका, नाहीतर सकाळी गादी खालून ओली झालेली असते, पाणी गळत नसतं, आपल्याच श्वासाची वाफ असते ती. छताची खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची, थंडी असली तरी.

आता कॅनव्हास. आमचा असाच ट्रेलर आहे, दुसऱ्या वर्षी वॉटर्टन पार्कला गेलो होतो, निघायच्या दिवशी पाऊस, तसंच ओलं बंद केलं, घरी आल्यावर ऑफिस, मुलीची शाळा, चार दिवस तसाच ड्राइव्हवेमधे उभा. उघडला तेव्हा असा कुबट वास आला की बस्स, पावसाळ्यात ट्रंकेत राहिलेल्या गोधडीला येतो तसा, आणि मुलीच्या उशीच्या वरच कॅनव्हासवर मोहरी सांडल्यासारखे काळे ठिपके. ते ठिपके आजही आहेत. मुलगी पुढचे दोन महिने त्या बंकमधे झोपायला तयार नव्हती आणि मला इतकं वाईट वाटलं होतं, कारण तो बंक तिची सगळ्यात आवडती जागा होती, झोपून झाडं दिसतात म्हणून.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, ओलं बंद केलं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी उघडायचं, घरी कितीही वाजता पोचलो तरी. गच्चीवर वाळवण घालतो ना तसं, उलटंपालटं करून, शिवणी आणि झिपच्या घड्यांतसुद्धा हात फिरवून बघायचा, कारण बाकी सगळं खडखडीत वाळलं तरी तिथे ओल राहते. बंद करायच्या आधी मायक्रोफायबरने आतून पुसून घेतलं की निम्मं काम होतं. धुताना साधा सौम्य साबण आणि मऊ ब्रश. ब्लीच अजिबात नाही, त्याने ठिपके फिके होतात पण पाणी अडवणारा थरही जातो आणि मग खरंच गळतं.

आणि फोडणी बाहेर! वास कॅनव्हासमधे बसतो आणि मग जात नाही. चिवड्याचा डबा, लाडू, टूथपेस्टसुद्धा बंकमधे ठेवायचं नाही, सगळं गाडीत. कुंपण असलं तरी.

काकू

---

रि: रि: हायब्रिड ट्रेलर

काकूंनी मुख्य ते सांगितलंच. जुना घेतलायत म्हणून माझी भर: टायरच्या बाजूवर DOT लिहिलेल्या नंबरचे शेवटचे चार आकडे बघा, टायर कधी बनला ते कळतं, ४२१५ असेल तर २०१५ चा ४२वा आठवडा, म्हणजे नक्षी कितीही चांगली दिसो, बदला, रॉकीजच्या उतारावर ही रिस्क नको. व्हील बेअरिंगला ग्रीस कधी केलंय माहीत नसेल तर करूनच घ्या. कार्बन मोनॉक्साइडच्या (विषारी वायूच्या) अलार्मवरही तारीख असते, २०१६ चा असेल तर संपलेला असणार, आई-बाबा आत झोपणारेत, हे सगळ्यात आधी. मग बंकच्या दाराभोवतीचं रबर सील आणि त्याच्या खालची ट्रेलरची फळी अंगठ्याने दाबून बघा, मऊ लागली तर पाणी मुरलंय. आणि ऑक्टोबरच्या आधी पाण्याच्या पाइपमधे गुलाबी अँटीफ्रीझ (न गोठणारं द्रव) भरा, आपल्याकडे उणे ३० ला काही दयामाया नाही.

रेड डिअरहून

---

रि: रि: रि: हायब्रिड ट्रेलर

काकू, दादा, खूप खूप आभार. बुकिंग नाही केलं, सॉफ्ट-साइडेडमधे दोन रात्री मिळाल्या! अलार्मवर खरंच २०१६ आहे, उद्याच नवीन आणतो. टायर २०२१ चे निघाले. पण मागच्या बंकखाली डाव्या कोपऱ्यात अंगठा दाबला तर फळी जराशी आत जातेय, तळहाताएवढी जागा, वरून व्हायनल अगदी नीट दिसतं. फोटो जोडलाय. दादा, शनिवारी तुम्ही कॅलगरीत येणार असाल तर एकदा बघाल का? जेवायलाच या.