दरवेळी पडणाऱ्यालाच मत देतोय. चुकतंय का माझं?

लूमवाला
राहायला सोलापूर शहर मध्य मतदारसंघात, पूर्व भागात. आई विड्या वळायची, त्यामुळं घरात पहिल्यापासून विळा-हातोडा. माकपचे आडम मास्तर 1978, 1995 आणि 2004 ला आमदार झाले. माझं पहिलं मत 2009 चं आणि तेव्हापासून मास्तर पडतायत. म्हणजे विधानसभेला माझं मत एकदाही निवडून आलेलं नाही. मेव्हणा म्हणतो वाया घालवतोस. बायको म्हणते, उन्हात रांग लावून हरायला जायची हौस कसली? तुमचं काय म्हणणं?

चाटीगल्ली
मेव्हणा बरोबर आहे. 2019 ची लोकसभा बघा. भाजपचे जयसिद्धेश्वर महास्वामी 5,24,985, काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे 3,66,377, वंचितचे प्रकाश आंबेडकर 1,70,007. मागच्या दोघांची बेरीज 5,36,384. महास्वामींपेक्षा 11,399 जास्त, आणि दोघंही घरी! 2024 ला वंचितच्या उमेदवारानं अर्ज मागं घेतला, काँग्रेसच्या प्रणिती शिंदे 74,197 नं आल्या. ज्याला थांबवायचंय त्याला पाडू शकेल अशाला मत द्या की.

होटगीरोड
वंचितचं मत आपोआप पंजावर पडतं हे कुणी सांगितलं? निम्मे घरीच बसले असते. आणि हरायचा मक्ता काय लाल बावट्याचाच आहे का? शहर उत्तरला 2004 पासून भाजपचे विजयकुमार देशमुख. तिथल्या काँग्रेसवाल्याला विचारा जरा. मी स्वतः कमळवाला, पण माझ्या गल्लीत आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चहाच्या गाड्यावर गप्प बसायचं आणि मतदानाला सकाळी सातला हजर.

पेटीवाला
पोलिंग एजंट म्हणून बरीच वर्षं बसतोय. निकालानंतर फॉर्म 20 येतो, त्यात बूथवार आकडे असतात. पक्षाची माणसं तो घेऊन बसतात आणि कुठल्या बूथवर कुणाला किती हे पेननं गोल करतात. आपली 60 मतं दिसली की पुढच्या वेळी तिथं सभा लागते, नगरसेवक गटारीचं बघायला येतो. शून्य दिसलं की तो रस्ताच विसरतात. पडलेलं मत वाचलं जातं ओ.

साखरपेठची
वाचलं जातं हाच तर त्रास आहे. महापालिकेच्या निकालानंतर एक जण दारात येऊन म्हणाला, "काकू, तुमच्या बाजूला विरोधात नऊच मतं आणि तुमच्या घरात मतदार पाच." हसतच म्हणाला. त्या महिन्यात नळाची तक्रार करायला मी गेलेच नाही. चौदा बूथची मतं एकत्र मिसळून मोजायचं यंत्र निवडणूक आयोगानं 2008 लाच सुचवलं होतं, अजून आलं नाही. गुप्त मतदान म्हणे.

लूमवाला
@चाटीगल्ली पाडण्यासाठीच मत द्यायचं तर माझं म्हणणं सांगायचं कुठं? कुंभारीच्या रे नगरची कामगारांसाठीची 30,000 घरं मास्तरांनी लढून मिळवली, तीही आमदार नसताना. त्यातल्या 15,000 च्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये खुद्द पंतप्रधानांनी येऊन दिल्या.

चाटीगल्ली
मग ती घरं मोर्चानं मिळाली, मतानं नाही. तुम्हीच माझी बाजू मांडताय बे! मोर्चाला जा, मत कामाला लावा.

लूमवाला
मोर्चात किती माणसं होती यावर दुसऱ्या दिवशी भांडण होतं. मशीनमधल्या आकड्यावर एवढं होत नाही.

होटगीरोड
माळशिरसला जाऊन बोला हे. तिथल्या मारकडवाडी गावानं 2024 च्या विधानसभा निकालानंतर आकडा पटेना म्हणून चिठ्ठ्यांवर परत मतदान घ्यायचं ठरवलं होतं, प्रशासनानं होऊ दिलं नाही.

लूमवाला
ते मान्य. पण यावेळी आईला घेऊन गेलो होतो. चष्मा घरी राहिला. बटण दाबल्यावर चिठ्ठी सात सेकंदच दिसते, तिला चिन्हच नीट दिसलं नाही. बाहेर येऊन मलाच विचारते, "विळाच होता न्हवं?" आत मी कुठं होतो सांगायला! @पेटीवाला तो फॉर्म 20 कुठं बघायचा? आमच्या बूथवर किती पडली बघतो.

पेटीवाला
राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर, मतदारसंघ निवडून. दोन आकडी निघाली तर मेव्हण्याला पाठवा. एक आकडी निघाली तर आईला सांगू नका.