मदत हवी आहे: ओहोटीच्या खडकांवरची मोजणी

नमस्कार मंडळी. मालवणजवळ, पण 1987 साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्याच्या हद्दीबाहेर, एका खडकाळ किनाऱ्यावर आम्ही चौघे हौशी लोक नोंदी करतोय. उधाणाच्या ओहोटीला पाण्याच्या दिशेने 50 मीटर दोरी टाकतो आणि दर 5 मीटरवर पीव्हीसी पाइपची अर्धा मीटरची चौकट ठेवून फोटो काढतो.

अडचण अशी, की सरगॅसम शेवाळाने किती जागा व्यापली हे एकजण 40 टक्के सांगतो, दुसरा 60! चौकटीत दोरे ताणून 25 छेदबिंदूंपैकी किती शेवाळावर पडतात ते मोजलं तर अंदाजापेक्षा बरं पडेल का? की बिंदू कमी पडतील? शेवाळाखाली दडलेले स्पंज मग कसे धरायचे, शेवाळ बाजूला सारून दुसरा फोटो?

दुसरं, झोअँथिडचे (प्रवाळासारखे दिसणारे, पण दगडी सांगाडा नसलेले मऊ प्राणी) गालिचे आणि प्रवाळ फोटोत ओळखताना आमची हमखास फसगत होते. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, त्यामुळे तुकडा काढून बघणं बादच. (आणि काढूही नये.) फोटोत नेमकं काय टिपावं?

पुढच्या अमावास्येला परत जायचंय. त्याआधी कुणी अनुभवी माणसाने सांगितलं तर फार बरं होईल.