मदत हवी आहे : सोलापूरजवळ जंगलातून जाणारी सोपी नदीकाठची वाट

सीनाकाठ
येत्या रविवारी घरच्यांसोबत नदीच्या कडेने, झाडांच्या सावलीतून दोन-तीन तास चालता येईल अशी सोपी वाट हवी आहे. गड आणि घाट नकोत. पुण्याकडची ठिकाणे कृपया सुचवू नयेत. लवकर सांगावे, उद्या ठरवायचे आहे.

बाळीवेसकर
घरचे म्हणजे कोण, त्यांची वये काय, आणि वाहन स्वतःचे आहे की एसटीने जाणार? हे कळल्याशिवाय नेमके सांगता येणार नाही.

भीमातीर
निःशंक हत्तरसंग कुडलला जावे. भीमा आणि सीना यांचा संगम, हरिहरेश्वराचे बहुमुखी शिवलिंग आणि संगमेश्वर मंदिरातील शके 940चा, म्हणजे इ.स. 1018चा मराठी शिलालेख, हे सारे एकाच फेरीत पाहून होते. सोलापूरकराने तो शिलालेख एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

रानवाट
स्थळ थोर आहे याबद्दल वाद नाही, परंतु विचारणाऱ्याला जंगल हवे आहे. संगमाच्या परिसरात काठापर्यंत ऊस आणि काळी माती आहे. पाऊस होऊन गेला असेल तर ती माती बुटाला अशी चिकटते की शंभर पावलांतच पाय उचलवत नाही. शिवाय उजनी धरणातून भीमेत पाणी सोडले की पाऊस नसतानाही पातळी चढते, म्हणून मुलांना पात्रात उतरवण्यापूर्वी गावात विचारून घ्यावे.

माळकरी
नान्नजचे अभयारण्य पाहावे. ते 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी घोषित झाले, आणि सकाळी लवकर गेल्यास काळविटांचे कळप हमखास दिसतात.

रानवाट
तो गवताळ माळ आहे. तिथे नदीही नाही आणि सावलीही नाही.

सीनाकाठ
मी सोपी वाट विचारली होती, त्यात वयाचा प्रश्न का यावा हे मला समजले नव्हते. असो. सोबत आई (वय 68) आणि मुलगी (वय 6) आहेत. गाडी स्वतःची आहे.

बाळीवेसकर
आईंचे गुडघे कसे आहेत? तुमच्या प्रश्नात हीच माहिती सर्वांत महत्त्वाची होती. चढापेक्षा उतार गुडघ्यांना अधिक जड जातो, कारण प्रत्येक पावलाला शरीराचा भार गुडघ्यावर तोलून धरावा लागतो. माझ्या वडिलांना आम्ही हौसेने एका दरीत उतरवले, ते आनंदाने उतरलेही, पण परतीच्या पायऱ्यांवर दर दहा पायऱ्यांनी त्यांना बसावे लागले. तो दिवस मी विसरलेलो नाही.

रानवाट
माझे मत येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्याला आहे. तुळजापूर, धाराशिव ओलांडून त्याच महामार्गाने पुढे येडशी येते. मंदिर खोऱ्यात झाडीत आहे आणि नदी त्याला वळसा घालून जाते. आमच्या कोरड्या भागातल्या माणसाला तिथली सावली म्हणजे काय वाटते ते शब्दांत सांगणे अवघड आहे. माकडे पुष्कळ आहेत, त्यामुळे खाण्याच्या पिशव्या हातात दिसू देऊ नयेत. मंदिराकडे मात्र उतरून जावे लागते.

भीमातीर
म्हणजे ज्या उतारापासून जपायला सांगितले, तोच उतार पुन्हा आला. कुडलला निदान जमीन सपाट आहे.

रानवाट
सपाट आहे, हे मान्य. पण बाभळीचा काटा चपलेचा तळ सहज भेदतो, म्हणून तिथेही बूट हवेतच.

हुरडापार्टी
अजून थोडे थांबल्यास ज्वारीचा हुरडा सुरू होईल. मग शेतातच दिवस घालवावा.

सीनाकाठ
आईचा डावा गुडघा दुखतो, हे आधीच लिहायला हवे होते. शनिवारी सकाळी तिला विजापूर रस्त्यावरच्या सिद्धेश्वर वनविहारात तासभर चालवून पाहतो. तिथे नदी नाही हे माहीत आहे. त्यानंतर गुडघा कुरकुरला नाही तर रविवारी येडशी, नाहीतर कुडल. रानवाट, मंदिरापर्यंत न उतरता वरच्या वरच झाडीतून मुलीला फिरवता येईल का, एवढे सांगावे.

रानवाट
येईल. फक्त फाटकावर वनरक्षकाला विचारून मगच आत जावे, आणि सूर्य कलण्यापूर्वी गाडीपाशी परतावे.