आरटीईत नंबर लागलाय, पण आठवीनंतर काय?

पोळीवाली_ताई, पिंपरी
नमस्कार. मुलीचा आरटीईच्या (शिक्षण हक्क कायदा, खासगी शाळेत गरीब मुलांना फी माफ जागा) लॉटरीत नंबर लागला, पहिलीला, इंग्लिश मीडियमची शाळा, घरापासून चालत दहा मिनिटं. मेसेज वाचून रडूच आलं. मिस्टर रिक्षा चालवतात, मी तीन घरी पोळ्या करते. काल शाळेत गेले तर म्हणाले फी माफ आहे पण ड्रेस, पुस्तकं, अ‍ॅक्टिव्हिटी मिळून चौदा हजार भरा, पावती मागितली तर मॅडम गप्पच. मोठा पालिकेच्या शाळेत शिकला, तिथल्या बाई जीव लावून शिकवतात. हिला कुठे घालू?

नववीचा_बाप
ताई आधी कागद तपासून घ्या आणि प्रवेश पक्का करा, तारीख गेली की जागा गेली. पुस्तकं-गणवेश पण नियमात मोफतच आहेत, चौदा हजार रोख देऊ नका, शिक्षण विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शाळावाले म्हणतील सरकार पैसे देत नाही, ते खोटं नाहीये, एका मुलामागे वर्षाला 17,670 ठरलेले तेही वर्षानुवर्षं थकतात, पण ते तुमच्याकडून का वसूल करायचे?
खरी अडचण आठवीनंतर, आरटीईची फी माफी तिथवरच. माझ्या पोराला नववीला पूर्ण फी सांगितली, शेवटी अनुदानित शाळेत घातला, मित्र तुटले म्हणून महिनाभर धड जेवला नाही. आजपासूनच पोस्टात महिन्याला जमेल तेवढी आरडी लावा.

झेडपी_गुरुजी
मी सरकारी शाळेत शिकवतो तरी सांगतो, हक्क सोडू नका. 2024 ला सरकारने नियम बदलून एक किमीत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगीला आरटीईच्या जागा देण्यातून सूट दिली होती, हायकोर्टाने जुलैत तो बदल रद्द केला, म्हणून आज तुमचा नंबर लागतोय.
पण खासगी म्हणजे हुशार असं नाही. आंध्रात 2008 पासून चार वर्षं गरीब मुलांना व्हाउचर, म्हणजे फीची चिठ्ठी, देऊन खासगी शाळेत घातलं, तेलुगू-गणितात सरकारी शाळेतल्या मुलांइतकेच मार्क, हिंदीत मात्र पुढे. तिथे खासगीचा एका मुलामागचा खर्च सरकारीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, हेही खरं. घरी डायरी कोण वाचणार ते आधी ठरवा.

पोळीवाली_ताई, पिंपरी
दादा, सर, खूप आभार. अर्ज दिला, पोच मिळाली. डायरी वाचायला शेजारची कॉलेजची पोरगी तयार आहे, तिला रविवारी जेवायला बोलावते. शाळेतून फोन आला, पुस्तकं देतो म्हणाले, ड्रेसचं अजून बोलत नाहीत.