पॅलेस, लियों आणि यूएफा: क्लब नेमका कुणाचा, हे कसं ओळखायचं?

टिळकवाडी_विंगर:
बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे जे कोण हिवाळ्यात रात्री दीड वाजता चॅम्पियन्स लीग बघत बसतात, त्यांना हा प्रश्न. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसनं मे 2025 मध्ये मँचेस्टर सिटीला 1-0 हरवून इंग्लंडचा एफए कप घेतला. त्यावर युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेची, युरोपा लीगची जागा मिळायला हवी होती, पण यूएफानं (युरोपच्या फुटबॉल संघटनेनं) त्यांना तिसऱ्या क्रमांकाच्या कॉन्फरन्स लीगमध्ये टाकलं. कारण, अमेरिकी गुंतवणूकदार जॉन टेक्स्टरचे शेअर पॅलेसमध्येही होते आणि फ्रान्सच्या लियोंमध्येही. मग 2024-25 मध्ये सिटी आणि स्पेनचं जिरोना एकाच चॅम्पियन्स लीगमध्ये कसे खेळले? तिथंही पैसा सिटीच्या मालक कंपनीचा, सिटी फुटबॉल ग्रुपचाच की.

दुसरं, क्लबचा खरा मालक कोण, हे घरबसल्या तपासता येतं का? आणि तिसरं: प्रेक्षकांनी राजकीय फलक धरला की दंड, पण एखाद्या देशाचा सरकारी निधी क्लब विकत घेतो ते चालतं, हे कुठल्या नियमात बसतं? नुसती मतं नकोत, नियम सांगा.

खानापूर_कीपर:
पॅलेसचं आधी. यूएफाच्या स्पर्धा-नियमातलं कलम 5 असं सांगतं की एकाच स्पर्धेतल्या दोन क्लबांवर एकाच माणसाचा किंवा कंपनीचा ताबा नको. ताबा म्हणजे बहुसंख्य मतं, संचालक नेमण्या-काढण्याचा अधिकार, किंवा निर्णयावर 'निर्णायक प्रभाव'. सगळी गोची या शेवटच्या शब्दांत आहे. टेक्स्टरकडं पॅलेसचे सुमारे 43 टक्के शेअर होते, पण मतं साधारण 25 टक्केच. पॅलेसचं म्हणणं, इथं त्याचं काही चालत नव्हतं. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं ऑगस्ट 2025 मध्ये ते फेटाळलं: तो दोन्हीकडं संचालक मंडळावर होता आणि ठरलेल्या तारखेला त्याचा प्रभाव होता, एवढं त्यांना पुरलं.

ती तारीख म्हणजे 1 मार्च 2025. टेक्स्टरनं आपले पॅलेसमधले शेअर वूडी जॉन्सन या दुसऱ्या अमेरिकी गुंतवणूकदाराला जुलैमध्ये विकले, तोवर वेळ गेली होती. सिटी-जिरोनाचं वेगळं. तिथं ग्रुपनं जिरोनातले शेअर यूएफानं मान्य केलेल्या विश्वस्तांकडं सोपवले आणि दोन क्लबांतल्या खेळाडूंच्या देवाणघेवाणीवर बंधनं मान्य केली. मँचेस्टर युनायटेड आणि फ्रान्सचं नीस यांच्यातही एकाच मालकाचे शेअर होते, त्यांचंही त्याच वर्षी तसंच झालं. म्हणजे पळवाट होती, ती पॅलेसनं वेळेत घेतली नाही.

दोघांपैकी खाली कोण जाणार? दोघंही युरोपा लीगसाठीच पात्र असले तर आपापल्या देशाच्या लीगमधला क्रमांक बघतात. लियों सहावे, पॅलेस बारावे. गंमत म्हणजे जूनमध्ये फ्रान्सच्या आर्थिक देखरेख समितीनं लियोंला दुसऱ्या श्रेणीत ढकललं होतं. तो निर्णय टिकला असता तर लियों युरोपातून बाहेर पडून पॅलेसची जागा वाचली असती. अपिलात लियों सुटलं आणि पॅलेस अडकलं.

माझ्या मते नियम बरोबर आहे, तारीख चुकीची आहे. 1 मार्चला पॅलेस मिलवॉलविरुद्ध कपाचा पाचव्या फेरीचा सामना खेळत होतं. ज्या क्लबला तोवर युरोपात जाण्याची खात्रीच नाही, त्यानं आपली मालकी कशाच्या भरवशावर बदलायची? तारीख हंगाम संपल्यावर ठेवली पाहिजे.

आता तपासण्याचं. इंग्लंडच्या क्लबांसाठी कंपनीज हाउसची वेबसाइट फुकट आहे. क्लबचं रोजचं नाव टाकून चालत नाही, कायदेशीर नाव लागतं. ते क्लबच्या वेबसाइटवर अगदी तळाला बारीक अक्षरात असतं. कंपनी सापडली की आधी 'लक्षणीय नियंत्रण असलेल्या व्यक्ती' बघायच्या; 25 टक्क्यांच्या वर शेअर किंवा मतं असणारे तिथं येतात. तिथं बहुधा दुसऱ्या कंपनीचंच नाव निघतं, मग ती उघडायची, मग तिच्या वरची. साखळी जर्सी बेटावर किंवा केमनमध्ये गेली की तुटते. तिथं थांबलात तर वार्षिक हिशेबाच्या शेवटच्या टिपा वाचा: 'अंतिम पालक कंपनी' आणि 'संबंधित पक्षांशी व्यवहार'. मालकानं क्लबला कर्ज किती दिलं, व्याज किती, क्लबनं मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला काय विकलं, सगळं तिथं सापडतं. खासगी कंपनीला हिशेब द्यायला वर्ष संपल्यापासून नऊ महिने मिळतात, म्हणून आकडे शिळे असतात हे धरूनच वाचा. मँचेस्टर युनायटेड न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आहे, त्यामुळं त्यांचा सविस्तर वार्षिक अहवाल अमेरिकेतच सापडेल.

टिळकवाडी_विंगर:
हे कामाचं सांगितलंत. 'मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला विकलं' म्हणजे चेल्सीची हॉटेलं ना? त्यात नेमकं काय चुकलं?

खानापूर_कीपर:
होय, तीच. 2023 मध्ये दोन हॉटेलं 7 कोटी 65 लाख पौंडांना आपल्याच समूहातल्या कंपनीला विकली आणि तो नफा क्लबच्या खात्यात दाखवला. प्रीमियर लीगच्या नियमात ते बसलं, यूएफाच्या बसत नाही. यूएफा असला नफा धरतच नाही. जुलै 2025 मध्ये हिशेबाच्या उल्लंघनांसाठी चेल्सीला 3 कोटी 10 लाख युरोचा दंड झाला.

लांब कराराची युक्तीही अशीच. 10 कोटीचा खेळाडू आठ वर्षांच्या करारावर घेतला तर वर्षाला सव्वा कोटीच खर्च दिसतो. 2023 मध्ये यूएफानं नव्या करारांसाठी पाच वर्षांची मर्यादा घातली, म्हणजे तोच खर्च वर्षाला 2 कोटी. शिवाय पगार, ट्रान्सफर आणि एजंट मिळून उत्पन्नाच्या 70 टक्क्यांच्या आत राहायचं, हे 2025-26 पासून पूर्ण लागू. हे सगळं करून युरोपात पोचायची धडपड का, तर चॅम्पियन्स लीगमध्ये नुसत्या प्रवेशाचे 1 कोटी 86 लाख युरो आणि पहिल्या टप्प्यातल्या प्रत्येक विजयाचे 21 लाख.

निपाणीकर_ओल्ड_ट्रॅफर्ड:
मालकीच्या चर्चेत जर्मनी राहून गेली, म्हणून लिहितो. तिथला '50 अधिक 1' नियम 1998 चा. व्यावसायिक संघाची कंपनी काढा, गुंतवणूकदार आणा, पण मतांपैकी 50 टक्के आणि वर एक मत सभासदांच्या मूळ संस्थेकडंच. इथं बरेच जण शेअर आणि मतं यांची गल्लत करतात. बोरुसिया डॉर्टमुंड शेअर बाजारात आहे, मूळ संस्थेकडं शेअर फार थोडे आहेत. तरी कारभार पाहणारी कंपनी पूर्ण संस्थेच्या मालकीची, म्हणून सत्ता सभासदांचीच. आपल्याकडं सहकारी साखर कारखान्यात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच, त्याच धर्तीवर समजून घ्या.

बायर्नचं सोपं: 75 टक्के संस्थेचे, उरलेले आडिडास, आउडी आणि आलियान्झ यांच्यात सारखे वाटलेले. लेवरकुझेन आणि वोल्फ्सबुर्ग यांना या नियमातून जुनी सवलत. लाइपझिगनं नियम पाळला म्हणायचा, पण मताचा अधिकार असलेले सभासद मूठभरच ठेवले. मला हे मुळीच पटत नाही. नियमाचं शब्दशः पालन करून त्याचा जीव काढलाय.

पण नियम असला की भांडायला हातात काहीतरी असतं. डिसेंबर 2023 मध्ये जर्मन लीगनं प्रक्षेपण हक्कांतला वाटा गुंतवणूकदाराला द्यायचा ठराव 36 पैकी 24 मतांनी, म्हणजे अगदी काठावरच्या दोन-तृतीयांशानं मंजूर केला. हॅनोव्हर क्लबच्या मूळ संस्थेनं आपल्या प्रतिनिधीला 'विरोधात मत द्या' असं बजावलं होतं आणि मतदान गुप्त झालं, त्यावरून पेटलं. मग आठवड्यामागून आठवडे चाहत्यांनी निषेध म्हणून फेकलेले टेनिसचे चेंडू मैदानावर पडत राहिले, सामने थांबत राहिले. 21 फेब्रुवारी 2024 ला लीगनं बेत सोडला. मँचेस्टर युनायटेडच्या प्रेक्षकांनी 2005 मध्ये अमेरिकेचे ग्लेझर मालक म्हणून आले तेव्हा काय कमी विरोध केला? पण सभागृहात मत नव्हतं. क्लब विकत घ्यायला काढलेलं कर्ज क्लबच्याच डोक्यावर बसलं आणि चाहत्यांच्या हातात स्वतःचा वेगळा क्लब काढणं एवढंच उरलं.

कॅम्प_लेफ्टबॅक:
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. फलकांवरचा दंड यूएफाच्या शिस्त-नियमातल्या कलम 16 खाली होतो: राजकीय, वैचारिक, धार्मिक किंवा अपमानकारक संदेश सामन्यात नको. दंड माणसाला नाही, क्लबला. 2015 च्या बर्लिनमधल्या अंतिम सामन्यात कॅटलन स्वातंत्र्याचे झेंडे दिसले, बार्सिलोनाला 30,000 युरो. 2016 मध्ये सेल्टिकच्या प्रेक्षकांनी इस्रायली संघाविरुद्ध पॅलेस्टाइनचे झेंडे धरले, तेव्हाही दंड. प्रेक्षकांनी वर्गणी काढून दंडाच्या कितीतरी पट रक्कम पॅलेस्टिनी संस्थांना पाठवली.

मालकीला मात्र हे कलम लागतच नाही. तिथं विचारतात ते एवढंच: दोन क्लबांवर ताबा आहे का, हिशेब जुळतात का, आणि इंग्लंडमध्ये मालक-संचालकांची पात्रता चाचणी. न्यूकॅसल ऑक्टोबर 2021 मध्ये सौदीच्या सरकारी निधीच्या गटाला विकला गेला तेव्हा सौदी सरकार क्लब चालवणार नाही अशी हमी प्रीमियर लीगनं घेतली आणि वाट मोकळी केली. निधीचे अध्यक्ष सौदीचे युवराजच. चेल्सीच्या वेळी उलट झालं. मार्च 2022 मध्ये रशियन मालक अब्रामोविचवर ब्रिटिश सरकारचे निर्बंध आले आणि क्लबला नवी तिकिटं विकणंही बंद झालं. म्हणजे राजकारण बाहेर ठेवणारं कलम स्टँडपुरतं, आणि राजकारण आत येतं ते मालकांच्या दारानं.

फलक कुठल्या भाषेत, झेंडा कुठला, यावरून गाव कसं तापतं हे बेळगावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: द्वेषाचा फलक आणि हक्काचा फलक एकाच कलमात कोंबू नयेत. ऑगस्ट 2025 च्या सुपर कपला यूएफानं स्वतःच 'मुलांना मारणं थांबवा, नागरिकांना मारणं थांबवा' असा फलक मैदानावर मांडला. हा संदेश चालतो, तर सीमा कुठं आखलीय ते लिहून द्यावं.

आशियातही सुटका नाही. मोहन बागान ऑक्टोबर 2024 मध्ये सुरक्षेच्या कारणानं इराणमध्ये ट्रॅक्टर नावाच्या क्लबशी खेळायला गेलं नाही. आशियाई फुटबॉल संघटनेनं (एएफसी) ती माघार धरली आणि त्यांचे स्पर्धेतले निकाल रद्द केले.

निपाणीकर_ओल्ड_ट्रॅफर्ड:
एक जोड. मोठा फलक न्यायचाच असेल तर क्लबच्या चाहता-संपर्क अधिकाऱ्याला आधी मजकूर, भाषांतर आणि मापं पाठवावीत. हे पद यूएफानं 2012-13 पासून क्लबला युरोपीय स्पर्धांत खेळण्याच्या परवान्यासाठी सक्तीचं केलंय. इंग्लंडमध्ये मोठ्या कापडाला आग न धरण्याचं प्रमाणपत्रही मागतात. ते नसलं तर मजकूर कितीही साधा असो, फलक दारातच अडतो.